खोडरबरचा नियम

गणित संस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला क्रमिका-कोशाची खोली होती आणि त्या खोलीत बसणाऱ्या गृहस्थांना सगळी संस्था पाठीमागे खोडरबर म्हणायची. तोंडावर अर्थातच सर. सरांना हे टोपणनाव ठाऊक होतं आणि मनातून ते आवडतही होतं. जगात लिहिणाऱ्यांचं उदंड पीक आलंय, खोडणारे मात्र बोटावर मोजण्याइतके, असं त्यांचं मत होतं. त्या बोटांपैकी निदान चार आपली, असंही.

कोश म्हणजे लाकडी खणांनी भरलेल्या तीन भिंती. खणांत जाड कार्डं. प्रत्येक कार्डावर पूर्णांकांची एक रांग, म्हणजे क्रमिका, आणि मागच्या पदांवरून पुढचं पद कसं काढायचं त्याचा नियम. कुणाला काही मोजता मोजता १, १, २, ३, ५, ८ असे आकडे भेटले, की त्यानं इथं यायचं, खण उघडायचा आणि बघायचं, की मागची दोन पदं मिळवली की पुढचं मिळतं. कोशाची एक जुनी रीत होती. नियम सिद्ध झालेला असेल तर शाईनं लिहायचा, नुसती अटकळ असेल तर पेन्सिलीनं. पेन्सिलीचं खोडता येतं. शाईचं खोडायचं नाही. शाईचा नियम चुकीचा निघालाच, तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, तो कुठल्या पदाला मोडला ते लिहायचं आणि ज्यानं मोडला त्याचं नाव खाली घालायचं. अशी रेघ सरांच्या कारकिर्दीत एकदाही मारावी लागली नव्हती, कारण सर कुणाला शाईपर्यंत पोचूच देत नसत.

रोज सकाळी टपाल यायचं. देशोदेशींचे हौशी लोक आपापल्या क्रमिका पाठवायचे आणि सर एकेक पाकीट कात्रीनं असं उघडायचे, जसं काही आत मेलेली पाल आहे. एका दातांच्या डॉक्टरानं लिहिलं होतं, की वर्तुळावर बिंदू घेऊन ते सगळे एकमेकांना जोडले तर वर्तुळाचे तुकडे पडतात एक, दोन, चार, आठ, सोळा. म्हणजे दर वेळी दुप्पट, आणि पुढे बत्तीस. पुढे बत्तीस नाहीत, जास्तीत जास्त एकतीस पडतात. ते मोजायचे कष्ट त्या दंतवैद्यानं घेतले नव्हते. "हा माणूस लोकांचे दात मोजून काढतो की अंदाजानं?" सर मोठ्यानं म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, पण सरांना श्रोते लागत नसत.

अशांसाठी त्यांनी एक छापील उत्तर करून ठेवलं होतं. 'आपण पहिली काही पदं पाहून नियम ठरवला आहे. पहिली काही पदं पाहून गाढवसुद्धा नियम ठरवतं. साभार परत.' संस्थेच्या संचालकबाईंनी त्यातलं गाढव काढायला लावलं. सरांनी मुकाट्यानं 'गाढवसुद्धा' च्या जागी 'कोणीही' छापून घेतलं आणि मग प्रत्येक पत्रावर 'कोणीही' खोडून हातानं 'गाढवसुद्धा' लिहायला सुरुवात केली. अक्षर सुंदर होतं त्यांचं. लोकांना वाटायचं, पत्रात निदान एक शब्द तरी आपल्यासाठी खास लिहिलाय.

तर अशा या माणसाची स्वतःची म्हणून एकच क्रमिका होती. बाकी आयुष्य दुसऱ्यांचं खोडण्यात गेलं. ही एक मात्र त्यांनी तरुणपणी शोधली होती आणि तिचं कार्ड मधल्या भिंतीच्या खणात, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर होतं. सुरुवात ८ आणि ५५. पुढचं पद काढायचं तर शेवटच्या पदाचा वर्ग करायचा, त्याला त्याच्या आधीच्या पदानं भागायचं आणि उत्तराच्या लगेच वरचा पूर्णांक घ्यायचा. पंचावन्नाचा वर्ग तीन हजार पंचवीस, भागिले आठ, आले तीनशे अठ्ठ्याहत्तर आणि वर थोडंसं, म्हणून पद ३७९. मग २६१२. मग १८००२. हे झालं क्रमिकेचं लक्षण. सरांचा दावा असा, की या गुणाकार-भागाकाराच्या रगाड्याची गरजच नाही. आत एक साधा नियम लपलेला आहे. शेवटच्या पदाची सहापट, त्यात त्याआधीच्याची सातपट मिळवा, त्यातून त्याआधीच्याची पाचपट आणि त्याच्याही आधीच्याची सहापट वजा करा. बस्स. मागची चार पदं, थोडी बेरीज, थोडी वजाबाकी आणि पुढचं पद हजर. कायम.

हा नियम कार्डावर पेन्सिलीनं लिहिलेला होता. इतकी वर्षं. कारण सिद्धता पुरी होत नव्हती. ज्या हातानं दुनियेच्या अटकळी खोडल्या, त्या हाताची स्वतःची अटकळ पेन्सिलीत पडून राहिली, याचा सल सरांना दर वेळी तो खण उघडताना व्हायचा आणि खण ते रोज उघडायचे. या वर्षी त्यांना सिद्धता सापडली. सतरा पानं. आणि या महिनाअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी कार्डावर शाई चढली पाहिजे, एवढी एकच गोष्ट त्यांना आता आयुष्याकडून हवी होती. शाई चढायला कोशमंडळाचा ठराव लागायचा. मंडळाची बैठक शुक्रवारी होती.

इथं सरांच्या मेहुण्याची ओळख करून द्यायला हवी. सरांना ती कधीच करून द्यावीशी वाटली नाही, तो भाग वेगळा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो त्याच संस्थेत तळमजल्यावर संगणकाची खोली सांभाळायचा. गोल चेहऱ्याचा, सदा हसतमुख, कुणाच्याही वाढदिवसाला आधी पोचणारा. आणि निवृत्तीनंतर सरांच्या जागी कोशावर यायचा होता तो हाच. सर त्याला यंत्रोबा म्हणायचे. त्याच्या खोलीत पंखे इतके घोंघावायचे की बोलायचं तर ओरडावं लागे. 'त्या आवाजात विचार करता येत नाही म्हणूनच त्याला तिथं बरं वाटतं,' असं सर बायकोला सांगायचे. बायको उत्तर द्यायची नाही. तिनं लग्नानंतर पहिली काही वर्षं उत्तरं दिली होती आणि मग तो खर्च बंद केला होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी मेहुणा घरी आला. जेवणं झाली होती, बायको ताटल्या पुसत होती.

"दाजी, एक आनंदाची बातमी," तो खुर्चीवर बसता बसता म्हणाला. "तुमचा नियम मी मशीनवर घातला. दहा हजार पदं काढली. दहाच्या दहा हजार चोख बसली. एकही इकडची तिकडे नाही!"

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. म्हटलं, उद्या मंडळात कुणी खुसपट काढलं तर आपल्याकडे पुरावा हवा."

"पुरावा?" सरांनी तो शब्द चिमटीत धरल्यासारखा उच्चारला. "दहा हजार पदं म्हणजे पुरावा? अरे, पदं संपतात का कुठं? त्या दातवाल्यानं पाच पाहिली, तू दहा हजार पाहिलीस. तुम्हा दोघांत फरक एवढाच, की त्याची वीज वाया गेली नाही."

मेहुणा हसला. त्याला पाणउतारा समजायचा नाही की समजून लागायचा नाही, हे कोडं सरांना कधी सुटलं नव्हतं आणि त्याचाच त्यांना जास्त राग यायचा.

"तेही खरंच म्हणा," तो म्हणाला. "पण माझं समाधान झालं. उद्या मी तुमच्या बाजूनं बोलणार."

"माझ्या बाजूनं बोलायला माझी सतरा पानं आहेत."

"ती कोण वाचतंय, दाजी?" मेहुणा निरागसपणे म्हणाला.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. कारण ते खरं होतं. मंडळावरच्या दोघांना त्यांनी सिद्धता वाचायला दिली होती आणि दोघांनी 'उत्कृष्ट' असा शेरा मारून ती इतक्या लवकर परत केली होती की कागदांच्या कडासुद्धा मऊ झाल्या नव्हत्या.

शुक्रवारी बैठक झाली. लांबट टेबल, पाण्याचे पेले, खिडकीशी गुरगुरणारं एक जुनं यंत्र जे खोली थंड करतं असा समज होता. संचालकबाई बीजगणितातल्या. त्यांना क्रमिकांत गम्य नव्हतं पण सभा आटोपण्यात होतं. त्यांनी सतरा पानांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला, तो बराच जाड आहे याची खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, "दोन्ही वाचकांचा शेरा अनुकूल आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

"मला," मेहुणा उभा राहिला. उभं राहण्याची काहीच गरज नव्हती. "मी स्वतः दहा हजार पदं तपासली आहेत. सर म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे."

"वा! छान!" बाई म्हणाल्या आणि लिहून घेऊ लागल्या. "मग ठराव असा. सिद्धता आणि यांत्रिक पडताळणी या दोन्हींच्या आधारे सरांचा नियम शाईनं नोंदवावा. बरोबर?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांच्या पुढ्यात कार्ड होतं, शेजारी शाईचं पेन, त्याचं टोपणही काढून ठेवलेलं. हात पुढे करायचा आणि लिहायचं, इतकंच बाकी होतं. दुसरा कुणीही असता तर लिहून मोकळा झाला असता, घरी जाऊन गोडधोड खाल्लं असतं आणि सुखानं निवृत्त झाला असता.

"यांत्रिक पडताळणी हे शब्द काढा," सर म्हणाले.

"का हो?" बाईंनी वर पाहिलं.

"कारण त्याला अर्थ नाही. नियम खरा आहे तो मी सिद्ध केला म्हणून. कुणी तळमजल्यावर बसून बटणं दाबली म्हणून नाही."

"पण त्यानं बिघडतंय काय, दाजी?" मेहुणा म्हणाला. सभेत दाजी! एकदोघं हसले.

त्या हसण्यानं सरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ते उभे राहिले. कोशात शिरू पाहणाऱ्या सगळ्या दंतवैद्यांना, हौशी पोस्टमास्तरांना, पाच आकडे पाहून सहावा ठोकून देणाऱ्या दीडशहाण्यांना जे ते पत्रातून सुनवायचे, ते त्यांनी त्या दिवशी मेहुण्याला समोरासमोर सुनावलं. मोजणं म्हणजे समजणं नव्हे. ज्याला समजत नाही तो मोजतो. दहा हजार वेळा बरोबर आलं म्हणून पुढच्या वेळीही येईल, हे कोंबडीचं गणित आहे. तिलाही रोज दाणे मिळतात आणि तिलाही वाटतं की हे असंच चालायचं. उद्या कोशाच्या खोलीत हा माणूस बसणार, आणि मग शाईची किंमत पेन्सिलीइतकीसुद्धा राहणार नाही.

मेहुण्याचं हसू जरा आक्रसलं. सरांना फार बरं वाटलं. आणि बरं वाटल्यावर माणूस थांबत नाही.

"तुला मोजायचीच हौस आहे ना?" ते म्हणाले. "मग दहा हजारांवर का थांबलास? जा, वीस हजार मोज. दोन दिवस मोज. आणि सोमवारी सगळ्यांसमोर ये आणि सांग, की दोन दिवस वीज जाळून मला तेच कळलं जे सरांनी कागदावर आधीच लिहून ठेवलं होतं. मग मी शाई लावीन. तोवर नाही."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "ठराव सोमवारवर," त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण स्वतःच्या हातानं लावून ठेवलं.

शनिवार सरांचा उत्तम गेला. असे दिवस त्यांच्या वाट्याला कमी यायचे. खाली ते यंत्र घरघरतंय, मेहुणा कागदाच्या भेंडोळ्यांत बसून घाम पुसतोय आणि हे सगळं आपल्याला ठाऊक असलेल्या एका गोष्टीसाठी, या विचारानं त्यांना दुपारची झोपही छान लागली. संध्याकाळी त्यांनी बायकोला फिरायला येतेस का असं विचारलं. तिनं आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

रविवारी सकाळी मेहुणा आला तो न हसता. सर स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. बायको चहा ओतत होती. मेहुण्यानं बगलेतलं भेंडोळं टेबलावर ठेवलं, पण उलगडलं नाही.

"मोडला," तो म्हणाला.

"काय? तुझं मशीन?"

"नियम. अकरा हजारांच्या जरा पुढे. तिथवर चोख चाललाय आणि मग एका पदाला... नुसत्या एकानं चुकतो, दाजी. नऊ हजारांवर आकडी संख्या आहे, सगळे आकडे तेच, शेवटी फक्त एक जास्त. मी तीनदा चालवून पाहिलं."

"तिन्ही वेळा गाढवासारखं चालवलं असशील," सर म्हणाले, पण आवाज त्यांच्या मनासारखा निघाला नाही.

त्यांनी भेंडोळ्याला हात लावला नाही. ते उठले, आतून सतरा पानं घेऊन आले आणि पानं उलटू लागले. नवव्या पानावर सर थांबले.

चूक समजायला सोपी होती. चूक सोपी होती, हाच तर संताप. भागाकार आणि त्याच्या वरचा पूर्णांक यांच्यात दर पदाला एक बारीक फट राहते. नियम टिकायचा तर ती फट कायम वरच्या अंगाला राहायला हवी. ती फट दोन हिश्शांची बनलेली असते. एक हिस्सा नेहमी वरच्या अंगाचा. दुसरा हेलकावे खाणारा, एकदा वर, एकदा खाली. दोन्ही हिस्से पदागणिक लहान होत जातात. पहिला मोठा आहे तोवर काळजी नाही. सरांनी दोन्ही किती वेगानं लहान होतात ते काढलं होतं. दोन्हींचा दर पाच दशांशांपर्यंत अगदी सारखा आला, ०.९५४८४, म्हणजे दर पदाला आधीच्याचा एवढाच भाग उरायचा. आणि त्याखाली त्या सुंदर अक्षरात सरांनी लिहिलं होतं, 'दोन्ही दर समान आहेत हे स्पष्टच आहे.'

सरांनी पेन्सिल घेतली आणि सहावा दशांश काढला. चहा निवला. पहिल्याचा आला पाच, दुसऱ्याचा सात. पुन्हा काढला. पाच आणि सात. पहिला केसभर जास्त भराभर झिजत होता, इतका केसभर की त्याला मागे पडायला अकरा हजार पदं लागली. पण पडला.

पहिले पाच आकडे पाहिले आणि नियम ठरवला. त्या दंतवैद्यानंही पाचच पाहिले होते.

"दाजी," मेहुणा हळूच म्हणाला. "मी काय म्हणतो, हे मशीन कालच बंद पडलं असं सांगू या. दहा हजारांच्या पुढे गेलंच नाही. पट्टा तुटला, तार जळली, काय वाटेल ते. कुणी विचारणार नाही. तुम्ही उद्या शाईनं लिहा आणि मोकळे व्हा. मी भेंडोळं इथंच फाडतो."

"आणि तू?"

"माझं काय? माझी मेली दहा हजार पदं आहेतच की." आणि तो हसला. दोन दिवसांनी पहिल्यांदा. त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. सरांनी ती शोधून पाहिली. असती तर बरं झालं असतं.

मेहुणा भेंडोळं तिथंच ठेवून गेला आणि सर दिवसभर त्यापुढे बसून राहिले. इथं कुणी अशी समजूत करून घेऊ नये, की ते सत्याशी झगडत होते. सत्याशी त्यांचं कधी भांडण नव्हतं आणि त्या दिवशी त्याला त्यांनी घरात घेतलंही नव्हतं. शाई लावायचीच, असं त्यांनी दुपारपर्यंत जवळजवळ ठरवलं होतं. कोण पाहणार आहे अकरा हजारावं पद? नऊ हजार आकडी संख्येतला शेवटचा एक? आपल्यासारखा दुसरा कोण जन्माला आलाय?

पण मग त्यांना पुढचे रविवार दिसू लागले. हा मेहुणा जेवायला येणार, तो यायचाच. टेबलाच्या पलीकडे बसणार. दाजी, वाटी पुढे करा, म्हणणार. कधीच काही बोलणार नाही. बाजारात, लग्नकार्यात, दवाखान्यात, कुठंही एक अक्षर काढणार नाही. आणि मनात त्याला ठाऊक असणार, की या माणसाला मी सांभाळून घेतलंय. तो यंत्रोबा! तो बटणदाब्या! तो त्यांच्यावर दया करणार, तीही आनंदानं, आणि सर ती आयुष्यभर चहाबरोबर गिळत राहणार. या गाढवाचे उपकार? त्यापेक्षा जगापुढे नाक कापून घेतलेलं बरं. निदान ते आपल्या हातानं कापता येईल.

सोमवारी मंडळ जमलं तेव्हा सर आधीच येऊन बसले होते. मेहुणा आत शिरता शिरता सांगू लागला, "बाई, आमचं मशीन परवाच..."

"बस खाली," सर म्हणाले.

त्यांनी कार्ड पुढे ओढलं. पेन्सिलीचा नियम होता त्यावरूनच तो शाईनं गिरवला, चारही पदांसकट, सावकाश. बाई अभिनंदन म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात सरांनी पट्टी ठेवली आणि त्या ओल्या शाईवरून एक आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, अकरा हजारांच्या पुढे कुठल्या पदाला मोडतो तो आकडा. आणि त्याखाली, कोशाच्या रीतीप्रमाणे, मोडणाऱ्याचं नाव. मेहुण्याचं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"हे घे," त्यांनी कार्ड मेहुण्याकडे सरकवलं. "तुझी मजुरी."

मेहुण्याला नीट वाचता येईना, कारण त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि मग जे झालं ते सरांच्या कुठल्याच नियमात बसणारं नव्हतं. सिद्ध झालेले नियम कोशात हजारोंनी होते, त्यांच्याकडे कुत्रंही फिरकत नसे. पण अकरा हजार पदं चोख चालून मग एकानं घसरणारा नियम? असली चीज कुणी पाहिली नव्हती. पत्रं येऊ लागली. लोक जिना चढून कार्ड बघायला येऊ लागले. शिक्षक विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगू लागले, बाबांनो, नुसती पदं पाहून फसू नका, खोडरबरचा नियम आठवा. सरांना आपलं नाव त्या क्रमिकेला कायमचं चिकटायला हवं होतं. चिकटलं.

निरोप समारंभाला सभागृह भरलं होतं. मेहुणा बोलायला उभा राहिला आणि या वेळी उभं राहण्याची गरज होती.

"मी माझ्या दाजींना म्हटलं होतं, लपवू या," तो सगळ्यांसमोर म्हणाला. सर खुर्चीत ताठ झाले. "होय, हे पाप माझ्या मनात आलं होतं. आणि या माणसानं काय केलं? आयुष्यभराची कमाई आपल्या हातानं खोडली आणि खाली माझं नाव लिहिलं. माझं! प्रामाणिकपणा म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिलं. मी त्यांच्या खुर्चीत बसणार आहे, पण तिथं बसायची माझी लायकी नाही."

लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. संचालकबाईसुद्धा उभ्या राहिल्या. सरांना ओरडून सांगावंसं वाटत होतं, की अरे मूर्खांनो, तसं काही नव्हतं, मला याचे उपकार नको होते, मी याला तुच्छ समजतो म्हणून केलं. ते सांगणंही शक्य नव्हतं. सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बघा, किती विनम्र. त्यांनी मान खाली घातली. टाळ्या वाढल्या.

घरी आल्यावर त्यांनी हार खुर्चीवर टाकला आणि बूट काढत बसले. बायको समोरच्या कपाटात काहीतरी लावत होती.

"तुझा भाऊ," सर म्हणाले. "एवढं आयुष्य गेलं पण माणूस ओळखता येत नाही त्याला. प्रामाणिकपणा म्हणे!"

"हो," बायको म्हणाली. तिनं वळून पाहिलं नाही. "त्याला हिणवायला केलंत तुम्ही ते. त्याच्या उपकाराचं ओझं नको म्हणून. मला त्याच दिवशी कळलं होतं."

सर चमकले. मग त्यांना थोडं हायसंही वाटलं. घरात एक तरी माणूस असा होता ज्याला गणित कळत होतं.

"मग सांगितलं का नाहीस त्याला?"

बायकोनं कपाट बंद केलं आणि पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. टपालातल्या पाकिटांकडे सर ज्या नजरेनं बघायचे, तीच ती नजर होती.

"कशाला सांगू?" ती म्हणाली. "तुम्हाला मनापासून चांगलं म्हणणारा जगात तो एकटाच आहे. त्यालाही कळलं, तर तुमच्याकडे उरलं काय?"